वाडीत स्मोकर बांधताय? पत्रा घेण्याआधी त्याचा इतिहास विचारा

भंगारातला दोनशे लिटरचा ड्रम, छपरातून उरलेला जीआय पत्रा की नवी काळी प्लेट? डहाणू-तलासरी पट्ट्यात धुरावर मासे-मटण शिजवण्यासाठी घरगुती स्मोकर बनवायचा, तर कुठलं स्टील चालतं, कुठलं चालत नाही आणि का?

थंडी पडली की पालघर जिल्ह्यातलं जेवण स्वयंपाकघरातून अंगणात येतं. आगाशी-विरारकडे कोळशावर भाजलेल्या कोंबडीचं आणि पोह्यांचं भुजिंग असतं. घराघरांत वाल, कोनफळ, रताळी घालून उकडहंडी लागते. तलासरी ओलांडून गुजरातच्या हद्दीत शिरलं की वलसाडच्या बाजूला रस्त्याकडेला मडक्यांतलं उंबाडियु विकायला बसलेलं दिसतं. या सगळ्यात आता बार्बेक्यू स्मोकरची भर पडते आहे. बोर्डी-घोलवडच्या चिकूवाड्यांत शनिवार-रविवारी मुंबईकर पाहुणे येतात, आणि मोबाइलवर तर टेक्सासचे व्हिडिओ असतातच. ड्रम आडवा कापायचा, दार लावायचं, चिमणी बसवायची, झालं. निदान व्हिडिओत तरी तसंच दिसतं.

व्हिडिओत न दिसणारी गोष्ट म्हणजे तो ड्रम आधी कुठे होता. डहाणूसारख्या ठिकाणी हा प्रश्न जाडी आणि ग्रेडच्याही आधी विचारावा लागतो.

स्मोकर म्हणजे नेमकं काय?

शेगडीवर आपण निखाऱ्यांच्या थेट वर मांस भाजतो. तिथे आच जास्त आणि वेळ कमी. स्मोकरमध्ये उलट असतं. आग एका बाजूच्या पेटीत, मांस दुसऱ्या कप्प्यात, आणि मधून गरम धूर वाहत चिमणीतून बाहेर जातो. मांसाच्या कप्प्यात साधारण १०५ ते १३५ अंश सेल्सिअस तापमान कित्येक तास टिकवायचं असतं. आगीच्या पेटीत मात्र लाकूड पेटलेलं असताना ज्वाळेजवळ ६०० अंशांच्या वर सहज जातं.

म्हणजे एकाच यंत्रात दोन वेगळी हवामानं आहेत. एकीकडे चहाच्या उकळत्या पाण्यापेक्षा थोडं जास्त, दुसरीकडे लोखंड लाल होईल इतकं. स्टील निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळे होतात. कुणी सगळा स्मोकर आगीच्या हिशेबाने जाडजूड बनवून पैसे घालवतं, तर कुणी सगळा पातळ पत्र्याचा बनवतं आणि दुसऱ्या हंगामात आगपेटीला भोक पडतं.

या यंत्राचा जन्मच टाकाऊ लोखंडातून झाला आहे. अमेरिकेत टेक्सास आणि ओक्लाहोमा भागात तेलविहिरींचे जाड पाइप कापून लोकांनी आडवे स्मोकर बनवले. गोल झाकणाचा प्रसिद्ध वेबर बार्बेक्यूही असाच आला. शिकागोजवळच्या धातुकाम कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये समुद्रातल्या लोखंडी बोयाचा अर्धा गोळा वापरून तो केला. झाई किंवा धाकटी डहाणूच्या कोळीवाड्यात कुणाला ही कल्पना आधी सुचली असती तर आश्चर्य वाटलं नसतं. पण तेलविहिरीचा पाइप, कारखान्यातला नवा बोया आणि आपल्याकडचा भंगारातला ड्रम यांत फरक आहे.

भंगारातला ड्रम का नको?

केंद्र सरकारच्या २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरला. तालुक्यात कुठले उद्योग चालतील यावर मर्यादा आली आणि भोवती २५ किलोमीटरचा बफर पट्टाही आखला गेला. त्यामुळे खुद्द डहाणूत मोठे रासायनिक कारखाने फारसे नाहीत. मात्र दक्षिणेला तारापूर-बोईसरची एमआयडीसी आहे आणि उत्तरेला, तलासरीच्या पलीकडे, उंबरगाव, सरीगाम आणि वापीच्या जीआयडीसी आहेत. औषधं, रंग, कीटकनाशकं आणि त्यांना लागणारी द्रावणं यांचा हा पट्टा. या मालाची ने-आण दोनशे लिटरच्या ड्रममधून होते आणि रिकामे ड्रम फिरत फिरत भंगाराच्या दुकानापर्यंत पोचू शकतात.

घातक रसायनानं माखलेला रिकामा ड्रम हा कायद्याच्या दृष्टीनं भंगार नाहीच. २०१६ च्या घातक व इतर कचरा व्यवस्थापन नियमांत असे रिकामे पिंप आणि डबे घातक कचऱ्याच्या यादीत आहेत. ते परवानाधारक प्रक्रिया केंद्रातच जायला हवेत. दुकानातल्या ड्रमला ताजा निळा रंग मारलेला असेल, तर तो रंग नेमकं काय झाकतोय हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

'जाळून काढलं की सगळं जातं' हा यावरचा ठरलेला उपाय. काही सेंद्रिय द्रावणं खरोखर जळून जातात. पण शिसं, क्रोमियमसारखे धातू असलेले रंगद्रव्याचे अवशेष जळत नाहीत, ते राखेत आणि पत्र्याच्या शिवणीत राहतात. काही क्लोरीनयुक्त रसायनं अर्धवट जळली तर मूळ पदार्थापेक्षा घातक काहीतरी तयार होतं. ड्रमच्या तळाची दुमडलेली कडा हात घालून साफ करता येत नाही आणि चरबी-रस नेमका तिथेच साचतो.

दुसरा धोका जेवणापर्यंत पोचायच्याही आधीचा आहे. वरून बंद, फक्त दोन बूच असलेला ड्रम रिकामा दिसला तरी आत वाफ असते. त्यावर ग्राइंडर किंवा गॅस कटर लावला की ठिणगी पडते आणि ड्रम फुटतो. पूर्ण भरलेल्या ड्रमपेक्षा 'रिकामा' ड्रम या बाबतीत जास्त वाईट, कारण पेट घ्यायला लागणारी हवा त्यात असते. पाण्यानं एकदा खंगाळल्यानं तेलकट थर निघत नाही, तो तापला की पुन्हा वाफ देतो. वेल्डिंगच्या कामात गावोगावी होणाऱ्या अपघातांमागे हे कारण नेहमी सापडतं.

गॅसच्या सिलिंडरचंही तेच. परदेशी व्हिडिओंत प्रोपेनच्या टाक्या कापून स्मोकर करतात. आपल्याकडचा १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर ग्राहकाच्या मालकीचा नसतो. तो अनामत घेऊन वापरायला दिलेला असतो आणि मालकी तेल कंपनीकडेच राहते. तो कापणं बेकायदा आहे आणि जिवावरचंही.

मग ड्रम अजिबातच नको का? ड्रमच हवा असेल तर झाकण पूर्ण निघणारा, नवीन आणि आतून लेप नसलेला ड्रम मागा. खाद्यपदार्थांच्या ड्रममध्येही आतून तपकिरी किंवा लालसर लेप असतो. पदार्थ साठवायला तो सुरक्षित असला, तरी तापवण्यासाठी बनवलेला नसतो. ड्रमचा पत्रा जेमतेम १ ते १.२ मिलिमीटर असतो, त्यामुळे नव्या ड्रमचाही स्मोकर डहाणूच्या हवेत फार वर्षं काढेल अशी अपेक्षा ठेवू नये.

जीआय पत्र्याला एवढं का घाबरतात?

गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. बाजारात जीआय, जीपी, छपराचा असेल तर जीसी अशी नावं चालतात. साधारण १२० जीएसएमचा पत्रा म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त. खाऱ्या हवेत हा मुलामा लोखंडाला वाचवतो, म्हणून किनारपट्टीत घराघरांत तो असतो आणि छपराच्या कामातून उरलेला तुकडा हाताशी असतोच.

याबद्दल भीतीही जरा अतिरंजित आहे आणि निष्काळजीपणाही. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. मांसाच्या कप्प्यात १२० अंश असताना त्याची वाफ होऊन मटणात शिरणार नाही. मात्र जस्ताचा मुलामा सतत २०० अंशांवर ठेवू नये, असं उत्पादकच सांगतात. त्यापुढे तो लोखंडापासून सुटायला लागतो. आगीच्या पेटीत तो टिकणारच नाही.

खरा त्रास दोन ठिकाणी होतो. पहिला वेल्डरला. वेल्डिंगच्या ज्योतीत जस्ताची पांढरी वाफ होते, ती श्वासात गेली की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. 'मेटल फ्यूम फीव्हर' असं त्याचं नाव. बहुतेकदा दिवस-दोन दिवसांत उतरतो, म्हणून वेल्डर मंडळी तो अंगावर काढतात. त्यावर दूध प्यायची पद्धत जगभरच्या वर्कशॉपमध्ये आहे, पण दूध हे त्यावरचं औषध नाही. मोकळी हवा, योग्य मास्क आणि जोडाच्या जागेवरचा मुलामा आधी घासून काढणं हा उपाय. श्वास लागत असेल तर थेट डॉक्टर गाठावा.

दुसरा त्रास खाणाऱ्याला, आणि तो जाळीतून येतो. खिडकीला किंवा कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जीआय वेल्डमेश स्वस्त असते, हवी तशी कापता येते, म्हणून ग्रिल म्हणून तीच टाकली जाते. तिच्यावर लिंबू, दही, चिंच, व्हिनेगर लावलेलं मांस किंवा मासा थेट बसतो. आम्ल जस्ताला विरघळवतं. जस्ताच्या भांड्यांत आंबट पदार्थ ठेवल्यानं मळमळ, उलट्या झाल्याच्या नोंदी जुन्या आहेत. त्यातून ही जाळी निखाऱ्याजवळ असेल तर मुलामा काळा पडून सुटतो तो वेगळाच.

जुन्या फ्रीजच्या जाळ्याही याच कारणानं टाळाव्यात. पूर्वीच्या काही फ्रीजच्या जाळ्यांना कॅडमियमचा मुलामा असे, आणि कॅडमियम जस्तापेक्षा कितीतरी विषारी आहे. दिसायला दोन्ही चकचकीतच. नव्या जाळीसाठी वाचलेले पैसे या धोक्यापुढे काहीच नाहीत.

पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचं काय, असंही विचारलं जातं. डब्याच्या पत्र्यावर कथलाचा मुलामा असतो आणि कथील २३२ अंशांना वितळतं. धुराचा कप्पा म्हणून एखाददुसऱ्या वेळी डबा चालून जाईल. त्यात आग पेटवू नये, आणि बाहेरची रंगीत छपाई आधी घासून काढावी.

मग घ्यायचं काय?

साधं काळं माइल्ड स्टील. दुकानात 'एमएस', 'एचआर' किंवा नुसता 'काळा पत्रा' म्हटलं तरी समजतं. भट्टीतून गरम लाटून काढलेलं असल्यानं त्यावर निळसर-काळी पापडी असते. जाड प्लेटसाठी आयएस २०६२ आणि पातळ पत्र्यासाठी आयएस १०७९ ही भारतीय मानकं आहेत. घरगुती कामासाठी यापेक्षा भारी ग्रेडची गरज नाही. त्यात कार्बन कमी असतो, वेल्डिंग सहज होतं, मुलामा काहीच नसतो. घरातला लोखंडी तवा साधारण याच कुळातला.

थंड लाटलेला 'सीआर' पत्रा गुळगुळीत आणि देखणा असतो, पण तो मुख्यतः पातळ जाडीत मिळतो आणि त्यावर गंजरोधक तेल असतं. वापरायचाच तर साबणानं धुऊन, रिकामा तापवून तेल जाळून काढावं लागतं.

जुना एमएस पाइप मिळाला तर उत्तम वाटतो, आणि बऱ्याचदा असतोही. फक्त बघून घ्या. पाणीपुरवठ्याच्या पाइपला बाहेरून डांबरी लेप आणि आतून सिमेंटचं अस्तर असू शकतं. डांबरी लेप तापला की त्याचा धूर अंगणभर होतो आणि तो खाण्याजवळ नकोच.

छपराचा रंगीत पत्रा कितीही मजबूत दिसला तरी बाद. त्याच्याखाली जस्त किंवा जस्त-अॅल्युमिनियमचा थर आणि वर रंगाचा थर असतो.

जाडी किती हवी?

इथे गैरसमज फार. जाड प्लेट उष्णता 'अडवते' असं समजलं जातं. माइल्ड स्टील उष्णतेचं चांगलं वाहक आहे. सहा मिलिमीटरची प्लेट असो की दीड मिलिमीटरचा पत्रा, बाहेरची बाजू जवळपास आतल्याइतकीच तापते आणि वाऱ्यावर तेवढीच उष्णता बाहेर जाते. जाड प्लेट उष्णता साठवते. वाऱ्याची झुळूक आली, झाकण उघडलं, लाकूड टाकायला पाच मिनिटं उशीर झाला, तरी तापमान लगेच खाली येत नाही. मातीच्या तव्यावर भाकरी टाकल्यावर तवा थंड पडत नाही, तसंच.

वजनाचा हिशेब सोपा आहे. लांबी मीटरमध्ये, रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिघांचा गुणाकार करा आणि ७.८५ नं गुणा. उत्तर किलोत येतं. अडीच मीटर बाय सव्वा मीटरची ३ मिलिमीटरची शीट साधारण ७४ किलोची होते. लोखंड किलोवर विकलं जातं, त्यामुळे त्या दिवशीचा भाव विचारला की खर्च समजतो.

ड्रमच्याच आकाराचा, म्हणजे ५७ सेंटिमीटर व्यासाचा आणि ८८ सेंटिमीटर लांबीचा कप्पा घेतला, तर दोन्ही टोकं धरून पृष्ठभाग सुमारे २.१ चौरस मीटर होतो. १.२ मिलिमीटरमध्ये त्याचं वजन २० किलो, ३ मिलिमीटरमध्ये ५० किलो, ६ मिलिमीटरमध्ये जवळपास १०० किलो. सहा मिलिमीटरचा स्मोकर तापायला वेळ आणि लाकूड दोन्ही जास्त घेतो. रोज हॉटेल चालवणाऱ्यासाठी ते ठीक आहे. महिन्यातून दोनदा पापलेट, कोंबडी किंवा मटण शिजवणाऱ्याला मांसाच्या कप्प्यासाठी ३ मिलिमीटर पुरेसं आहे. अगदीच हात आखडता असेल तर २ मिलिमीटर. मग तापमानाकडे जरा जास्त लक्ष द्यावं लागेल.

आगीच्या पेटीत कंजुषी करू नये. साधं स्टील ५०० अंशांच्या पुढे हवेत सतत तापलं की पापुद्रे धरून झिजतं. पातळ पत्रा तर त्याआधीच वाकतो. म्हणून तिथे ५ किंवा ६ मिलिमीटरची प्लेट. पेटीचा आकार मांसाच्या कप्प्याच्या पाव ते एक तृतीयांश धरतात. ४० सेंटिमीटरची चौकोनी पेटी ५ मिलिमीटर प्लेटमध्ये साधारण ३८ किलोची होते. म्हणजे ३ मिलिमीटरचा कप्पा, ५ मिलिमीटरची पेटी, पाय आणि चिमणी मिळून शंभर किलोच्या वर माल लागेल. हे वजन वाडीतल्या भुसभुशीत, रेताड जमिनीवर उभं राहणार आहे, म्हणून पायांखाली फरशी किंवा रुंद प्लेट हवी.

गोल कप्प्यासाठी प्लेट रोल करावी लागते आणि ते मशीन छोट्या वर्कशॉपमध्ये नसतं. त्यासाठी बोईसर किंवा वापीची फेरी करण्यापेक्षा चौकोनी पेटी बनवा. धुराला आकाराशी काही देणंघेणं नाही. सपाट बाजू तापल्यावर फुगू नयेत म्हणून बाहेरून अँगलची पट्टी द्यावी, इतकंच.

दार जाम होतं त्याचं कारणही स्टीलच्या स्वभावात आहे. एक मीटर लांबीचं माइल्ड स्टील ५०० अंशांनी तापलं की साधारण ६ मिलिमीटर वाढतं. फॅब्रिकेटर कपाटाच्या दारासारखं घट्ट बसवतो आणि पहिल्याच आगीत ते अडकतं. आगपेटीच्या दाराला सैल बिजागरी आणि दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवायला आधीच सांगा.

सगळंच स्टेनलेसमध्ये का नको?

समुद्राजवळ राहणाऱ्याचा हा साहजिक प्रश्न. स्टेनलेस महाग आहे, शिवाय साध्या स्टीलच्या सुमारे एक तृतीयांशच उष्णता वाहून नेतं आणि तापल्यावर जास्त पसरतं. पेटीच्या एका कोपऱ्यात आग असेल तर तो कोपरा तापतो, बाकी थंड राहतो आणि पत्रा वेडावाकडा होतो. त्यामुळे सगळं अंग स्टेनलेसचं करणं घरगुती स्मोकरसाठी पैशाचा अपव्यय आहे.

एक जागा मात्र त्याच्यासाठीच आहे, ती म्हणजे मांस ठेवायची जाळी. ३०४ ग्रेडच्या ६ किंवा ८ मिलिमीटर सळईची जाळी आयुष्यभर टिकते, घासता येते आणि लिंबाला घाबरत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. बाजारात त्याच चेहऱ्याचं २०२ स्वस्तात मिळतं. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त. आतल्या भागात ते चालून जाईल, पण बोर्डी-चिंचणीच्या खाऱ्या वाऱ्यात त्यावर तपकिरी डाग लवकर उमटतात.

लोहचुंबक लावून ३०४ ओळखता येतं, हा समज अर्धाच खरा. चुंबक घट्ट चिकटलं तर ते बहुधा ४३० सारखं ग्रेड आहे, एवढं कळतं. २०२ आणि ३०४ दोन्हींना ते जवळपास चिकटत नाही. दोहोंतला फरक ओळखायला मँगनीज तपासणारं रसायन थेंबानं टाकतात, ते अनेक स्टेनलेस दुकानदारांकडे असतं. तेही नसेल तर बिलावर ग्रेड लिहून घ्या. लिहायची वेळ आली की बऱ्याचदा ग्रेड आपोआप बदलतं.

स्टेनलेस नको असेल तर साध्या एमएस सळईची जाळीही चांगली. तव्यासारखं तेल लावून तापवत राहायचं. टीएमटी सळई चालते, पण तिच्या रेघांत अडकलेली चरबी काढताना जीव जातो. हिरव्या लेपाची सळई मात्र घेऊ नका.

फॅब्रिकेटरला काय सांगायचं?

सगळ्यात आधी हे की आतून प्रायमर नको. आपल्याकडे कुठलंही लोखंडी काम पूर्ण झालं की फॅब्रिकेटर सवयीनं आत-बाहेर लाल रेड ऑक्साइड मारून देतो. गेट, ग्रिल, जिन्यासाठी ते बरोबर आहे. स्मोकरच्या आत तो रंग तापून सुटतो आणि धुरात मिसळतो. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आहे, पण औद्योगिक रंग त्या नियमात येत नाहीत. त्यामुळे आत कुठलाच रंग नको. हे तोंडी सांगून भागत नाही, रंगकामाच्या दिवशी तिथे उभं राहावं लागतं.

बाहेरून उष्णतारोधक सिलिकॉन-अॅल्युमिनियम रंग मिळतो, तो सुमारे ६०० अंशांपर्यंत टिकतो. साधा ऑइलपेंट आगपेटीवर पहिल्याच दिवशी फुगून निघेल.

एमएस ते एमएस जोडायला नेहमीचा ६०१३ रॉड चालतो. स्टेनलेसची जाळी किंवा हूक एमएसला जोडायचा असेल तर ३०९ चा रॉड लागतो. तो नसल्यास जाळी जोडूच नका, अँगलवर सुटी ठेवा. धुवायलाही सोपं. वेल्डिंगवरचा काचेसारखा थर, स्लॅग, नीट ठोकून आणि घासून काढायला सांगा, नाहीतर तो जेवणात कचकन लागतो.

खारी हवा आणि चार महिने पाऊस

डहाणूत मुलामा नसलेलं लोखंड उघड्यावर ठेवलं तर दिवसांत गंज धरतं. स्मोकरचा आतला भाग याला अपवाद ठरू शकतो. नवा स्मोकर आधी आतून घासून, पुसून, शेंगदाणा किंवा सूर्यफुलाच्या तेलाचा पातळ हात मारून दोन-तीन तास रिकामा पेटवायचा. तेल तापून कडक, काळा थर होतो. तवा तयार करतात तसाच. पुढे प्रत्येक वेळच्या धुरानं आणि चरबीनं तो थर जाड होत जातो. म्हणून आतला भाग साबणानं लख्ख करू नये. पापुद्रे सुटले तर तेवढेच खरवडून पुन्हा तेल.

ओलं लाकूड टाकलं तर या थरावर चिकट, आंबूस काजळी बसते आणि लोखंडही खाते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वाड्यांत छाटणीच्या फांद्या भरपूर असतात. चिकूचं लाकूड जड आणि घट्ट आहे, तेव्हा ते सावलीत काही महिने पूर्ण वाळवूनच वापरा. रंगवलेली फळी, प्लायवूड, पॅकिंगच्या खोक्यांची लाकडं यांना मज्जाव.

गंजापेक्षा राख जास्त नुकसान करते, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. लाकडाच्या राखेत क्षार असतात, ती हवेतला ओलावा ओढून घेते आणि ओली राख पेटीच्या तळाला बसून राहिली की प्लेट आतून पोखरते. पेटीच्या तळाशी सैल टाकलेली जास्तीची प्लेट ठेवली तर झिजली की तेवढीच बदलता येते. निखारे थंड झाल्यावर राख त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी काढा.

पावसाळ्यात ताडपत्री घट्ट गुंडाळून ठेवणं हा आणखी एक नुकसानीचा मार्ग. आतली दमट हवा कोंडते आणि ऑक्टोबरमध्ये झाकण उघडल्यावर पांढरी बुरशी आणि लाल गंज दोन्ही दिसतात. पडवीत किंवा छपराखाली ठेवा, चिमणीवर डबा पालथा घाला, पण आगपेटीचं खालचं दार बोटभर उघडं असू द्या. जूनमध्ये ठेवताना आतून एकदा तेलाचा हात, आणि पाऊस गेल्यावर मांस ठेवण्याआधी तासभर रिकामी आग. बुरशी आलेली असेल तर खरवडून, दोन तास कडक तापवून मगच वापर सुरू करा.

झाकणावरच्या स्वस्त तापमापकावर विसंबू नका. तो झाकणाजवळचं तापमान दाखवतो, जाळीवरचं नाही. मांसात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर घ्या. कोंबडी आतून ७४ अंशांपर्यंत पोचल्याशिवाय उतरवू नये, बाहेरून ती कितीही तांबूस दिसत असली तरी.